डावखुऱ्याने रायफल घेताना

रायफल घ्यायला निघालेल्या डावखुऱ्याला जो भेटतो तो एकच विचारतो: लिहितोस कोणत्या हाताने? उत्तर ‘डाव्या’ आलं की सल्ला दोनपैकी एक ठरलेला. डाव्या हाताची रायफल आपल्याकडे मिळते कुठे, गुमान उजव्याने शीक. किंवा मग, ऐपत असेल तर बाहेरून मागव. दोन्ही सल्ले चुकीच्या प्रश्नावर उभे आहेत. रायफल हाताने धरतात हे खरं, पण ती खांद्यावर बसते आणि डोळ्याने चालते. म्हणून डावखुऱ्याने निवडीचा क्रम उलटा लावावा, असं माझं म्हणणं आहे: आधी डोळा पाहावा, डोळ्यावरून खांदा ठरवावा, खांद्यावरून बोल्टची बाजू, लिहिण्याचा हात सगळ्यात शेवटी. असा क्रम लावला की बऱ्याच डावखुऱ्यांना डाव्या रायफलची गरजच पडत नाही. ज्यांना पडते, त्यांनी मात्र उजव्या रायफलवर भागवू नये. त्याची कारणं पुढे येतीलच.

त्याआधी शिकारीचा विषय मिटवून टाकू, कारण ‘मोठ्या शिकारीसाठी रायफल हवी’ असं म्हणणारे सातारा-सांगलीत अजून भेटतात. त्यात नवल नाही. कोयना आणि वारणा खोऱ्यांतलं जंगल, औंध, फलटण, जत, सांगली अशी संस्थानं, वाड्यांच्या भिंतींवर टांगलेली शिंगं, फौजेतून आलेल्या आजोबांच्या गोष्टी. एवढं सगळं भोवती असल्यावर रायफल म्हटलं की शिकारच डोळ्यांपुढे येते. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा विषय बंद झाला, आणि जी थोडी परवान्याची वाट त्यात उरली होती ती १९९१ च्या दुरुस्तीने बुजली. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथला गवा पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे. तो मारला तर किमान ३ आणि कमाल ७ वर्षांची कैद आहे, दंड वेगळा. तेव्हा गव्या-सांबरासाठी कोणती रायफल चांगली, या प्रश्नाला साताऱ्यात किंवा सांगलीत प्रामाणिक उत्तर एकच: कोणतीच नाही.

पिकाचं काय, हा पुढचा प्रश्न येतोच, आणि तो पोकळ नाही. पाटण, जावळी, शिराळा या तालुक्यांत रानडुकरं आणि गवे रातोरात उभं पीक आडवं करतात. पण त्यावरही रायफल हा इलाज नाही, आणि याची दोन कारणं कायद्यातच आहेत. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ज्या हत्याराचा उल्लेख आहे ते ठासणीची बंदूक आहे, आणि ती अपुरी पडते असं परवाना देणाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक. आटे पाडलेल्या नळीची रायफल त्यात कुठे बसत नाही. दुसरं असं की बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे. रानडुकराच्या बाबतीतसुद्धा वन्यजीव कायद्याच्या ११ व्या कलमाखाली अधिकार असलेल्या वनाधिकाऱ्याचा लेखी हुकूम लागतो. ‘शेतीसाठी’ म्हणून रायफलचा अर्ज लिहायला बसलेल्या माणसाने पेन खाली ठेवून नुकसानभरपाईचा अर्ज भरावा, तो जास्त लवकर कामाला येईल.

मग डावखुऱ्याला बोल्टच्या रायफलचा प्रश्न पडतो कुठे? मुख्यतः नेमबाजीच्या खेळात, आणि तिथे तो चांगलाच पडतो. आपल्या शेजारच्या जिल्ह्याने या खेळात काय करून दाखवलं ते सर्वांना ठाऊक आहे. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून मारायच्या प्रकारात, जगज्जेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्यपदक घेतलं, अंतिम फेरीत ४५१.४ गुणांनी. ही दोन्ही पदकं पॉइंट टू-टूच्या रायफलवरची आहेत. तेव्हापासून कराडात काय, मिरजेत काय, आठवी-नववीतल्या पोराला घेऊन रेंजवर येणाऱ्या पालकांची वर्दळ वाढली असेल तर ते साहजिक आहे. आणि त्या पोरांत दहात एखादा डावखुरा असणार, कारण जगभर डावखुऱ्यांचं प्रमाण साधारण तेवढंच आहे.

आता डोळ्याकडे येऊ. बहुतेक माणसांचा एक डोळा वरचढ असतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून बोट दूरच्या वस्तूवर रोखलं तर मेंदू ज्या डोळ्याची रेघ खरी धरतो, तो वरचढ. हे तपासायला दवाखान्यात जावं लागत नाही. दोन्ही हात समोर ताठ करा, तळवे एकमेकांवर चढवून अंगठ्यांच्या बेचक्यात रुपयाएवढी फट ठेवा आणि त्या फटीतून लांबचं काहीतरी पाहा; साताऱ्यात असाल तर अजिंक्यताऱ्यावरचा टॉवर, सांगलीकडे असाल तर साखर कारखान्याचं धुराडं. दोन्ही डोळे उघडे हवेत. मग एकेक डोळा मिटून बघा. ज्या डोळ्याने टॉवर फटीतच राहतो तो तुमचा नेमाचा डोळा. दुसऱ्याने तो फटीबाहेर उडी मारतो. ही तपासणी एकदा करून भागत नाही. सकाळी, संध्याकाळी, चार-आठ दिवस करावी, आणि करणाऱ्याला आधी कारण सांगू नये. पोरं हुशार असतात, जे उत्तर हवंसं वाटतं ते देऊन मोकळी होतात.

हात आणि डोळा एकाच बाजूचे असतात हा समज इथे गळून पडतो. या विषयावरचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर निघालेलं प्रमाण असं आहे: उजव्या हाताच्या माणसांत सुमारे एकतृतीयांश डाव्या डोळ्याचे, आणि डावखुऱ्यांत सुमारे सत्तावन्न टक्के डाव्या डोळ्याचे. म्हणजे शंभर डावखुरे घेतले तर त्यांतल्या चाळीस-पंचेचाळीस जणांचा उजवा डोळा वरचढ असतो. या लोकांनी सरळ उजवी रायफल घ्यावी. उजव्या खांद्यावर रायफल बसली की डोळा आपोआप साइटच्या मागे येतो, आणि खेळाच्या रायफलचा ट्रिगर इतका हलका असतो की त्याला उजव्या तर्जनीची जन्मजात हुशारी लागत नाही, सवय लागते. उलट डावा हात मग पुढे, रायफल तोलायला येतो. डावखुऱ्याचा बळकट हात तोलाच्या कामाला लागला तर नुकसान काय झालं? अशा मुलाला ‘तू डावखुरा ना, मग डावी रायफल घे’ म्हणून लाखांच्या खर्चात घालणारा सल्लागार हितचिंतक असेल, पण त्याने डोळा पाहिलेला नाही.

उरलेले, डाव्या हाताचे आणि डाव्याच डोळ्याचे, त्यांचा खांदा डावा. इथे शंका नाही. यांच्यासाठी बोल्टची बाजू हा खरा प्रश्न आहे, आणि तो समजायला रायफल जवळून पाहावी लागते. नेहमीच्या रायफलच्या उजव्या अंगाला बोल्टची मूठ असते. मूठ वर उचलायची, मागे ओढायची. रिकामी पुंगळी बाहेर पडते. नवी गोळी घालायची, मूठ पुढे ढकलून खाली दाबायची. उजव्या खांद्याचा माणूस प्रोनमध्ये पालथा पडलेला असतो तेव्हा त्याचा डावा दंड स्लिंगच्या पट्ट्याने रायफलला बांधलेला असतो, तो हात हलत नाही. ट्रिगरवरचा उजवा हात तेवढा सुटतो, कोपर जागेवर ठेवून मनगटाने बोल्ट मागेपुढे करतो आणि परत पकडीवर येतो. गाल चीकपीसवरून, म्हणजे दस्त्यावरच्या गालटेकणीवरून, उठत नाही. डाव्या खांद्याच्या माणसाला हीच रायफल दिली तर त्याचा उजवा दंड पट्ट्यात अडकलेला, आणि बोल्ट उजवीकडे. मग डावा हात पकड सोडून रायफलच्या अंगावरून पलीकडे न्यावा लागतो. त्यासाठी कोपर उचलतं, खांदा फिरतो, गाल सुटतो. ५० मीटरवरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर आहे. प्रत्येक गोळीनंतर अंगाची मांडणी मोडून पुन्हा जुळवायची आणि तेवढ्या ठिपक्यावर परत यायचं, हे मुख्य सामन्यात साठ वेळा. सरावातलं तर मोजायलाच नको. एकाच अंगाने धार लावलेल्या विळ्याने डावऱ्याने ऊस तोडावा, तसं हे आहे: तुटतो, पण मनगट भरून येतं आणि बुडखा वाकडा राहतो.

दुसरा मुद्दा चेहऱ्याचा आहे, आणि त्याची चर्चा आपल्याकडे कमी होते. उजव्या खांद्याच्या माणसाचा गाल रायफलच्या डाव्या अंगाला टेकतो. पुंगळी उजवीकडे उडते, म्हणजे त्याच्यापासून लांब. डाव्या खांद्याच्या माणसाचा गाल उजव्या अंगाला, म्हणजे पुंगळी जिकडे उडते त्याच बाजूला असतो. गरम पुंगळी डोळ्यांसमोरून जाते, क्वचित काडतुसाचा पाठभाग फाटलाच तर वाफारा आणि कण त्याच बाजूने येतात. पॉइंट टू-टूमध्ये हा धोका लहान, मोठ्या काडतुसात मोठा. चष्म्याशिवाय कोणीच रेंजवर उभं राहू नये. डाव्या खांद्यावर उजवी रायफल घेणाऱ्याने तर नाहीच.

यावर पहिला आक्षेप फौजेचा येतो, आणि तो साताऱ्यात येणारच. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं ज्या जिल्ह्यात आहेत तिथे घरोघरी कोणीतरी थ्री-नॉट-थ्री चालवलेली असते, आणि तिचा बोल्ट उजवाच. डावखुरे जवान तेव्हाही होते, त्यांनी उजव्याने शिकून नेम मारलेच की! साताऱ्याच्या सैनिक स्कूलपासून कॉलेजच्या एनसीसीपर्यंत आजही पोराच्या हातात पहिल्यांदा येते ती पॉइंट टू-टू डिलक्स, पाच गोळ्यांची, उजव्या बोल्टची. आणि पंचवीस यार्डांवर डावखुरे कॅडेटही गोळ्या जवळजवळ बसवतात. हे सगळं खरं. पण फौजेला हवी असते एकसारखी कवायत, एकच सुटे भाग, रांगेत एकाच बाजूला उडणाऱ्या पुंगळ्या. माणसामाणसाच्या बांध्याप्रमाणे हत्यार बदलणं तिला परवडत नाही, आणि तिचं लक्ष्य माणसाच्या आकाराचं असतं. खेळात उलट आहे: तिथे रायफल माणसाच्या मापाने जुळवतात, गालाची उंची मिलिमीटरने मोजतात. एका ठिकाणचं शहाणपण दुसरीकडे जसंच्या तसं नेलं की घोटाळा होतो. एनसीसीत पाच गोळ्या मारायच्या असतील तर डावखुऱ्याने जी मिळेल ती रायफल घ्यावी, कुरकुर करू नये. वर्षाला हजारो गोळ्या मारायच्या असतील तर हिशेब वेगळा.

दुसरा आक्षेप कारोली टाकाच याचं नाव घेऊन येतो. हंगेरीच्या या पिस्तूलपटूचा उजवा हात १९३८ मध्ये हातबॉम्बच्या स्फोटात निकामी झाला. तो डाव्या हाताने शिकला आणि १९४८ च्या लंडन व १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकला. म्हणजे जिद्द असेल तर हात बदलता येतो, मग आमच्या पोराला उजव्यावर आणायला काय हरकत? हरकत अशी की टाकाचचं उदाहरण हाताबद्दल आहे आणि आपला प्रश्न डोळ्याचा आहे. पिस्तूल हातभर लांब धरतात. ते कोणत्याही हातात असलं तरी मान किंचित वळवून हव्या त्या डोळ्यासमोर आणता येतं. रायफलचा दस्ता गालाला चिकटतो आणि खांदा ठरला की डोळाही ठरून जातो. हात शिकतो, हेच टाकाचने दाखवलं, आणि म्हणूनच वर उजव्या डोळ्याच्या डावखुऱ्यांना मी उजवी रायफल सुचवली. डोळ्याचा वरचढपणा मात्र जिद्दीने सहसा हलत नाही. ‘डाव्या हाताने जेवायचं नाही’ या धाकात वाढलेल्या घरात हात बदलण्याची सक्ती सहज होते; रायफलच्या बाबतीत ती सक्ती पोराच्या गुणपत्रिकेवर उमटते.

तिसरा आक्षेप जाणकारांचा आहे आणि सर्वांत वजनदार आहे. मागच्या साइटवर, नेम न धरणाऱ्या डोळ्यासमोर, एक छोटी आडपट्टी लावता येते. खेळाच्या नियमांत ती चालते. वरचढ डोळा झाकला की दुसऱ्या डोळ्याने नेम धरता येतो आणि खांदा बदलण्याची गरज राहत नाही. हा उपाय चालतो, हे मान्यच करायला हवं. उजव्या हाताचे, डाव्या डोळ्याचे लोक संख्येने डावखुऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त. हजारात शंभर डावखुरे धरले तर उजव्या हाताचे पण डाव्या डोळ्याचे तीनशेच्या आसपास निघतील. त्या सगळ्यांनी डावी रायफल घ्यावी असं म्हणणं हास्यास्पद ठरेल, आणि त्यांच्यातले पुष्कळ जण पट्टी लावून उत्तम नेम मारतात. डोळ्याचा वरचढपणा सगळ्यांत सारखा नसतो हेही आहे. काहींचा इतका सौम्य असतो की पट्टीचीही गरज पडत नाही. पण पट्टी ही त्यांची सोय आहे ज्यांचा हात आणि डोळा भांडतात. ज्याचा हातही डावा आणि डोळाही डावा, त्याच्यात भांडण नाहीच. त्याला उजव्या खांद्यावर आणून आधी भांडण लावायचं आणि मग पट्टीने ते मिटवायचं, हा उपद्व्याप कशासाठी?

टेबलावर रायफल टेकवून मारणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र मी पूर्ण मान्य करतो. रायफलचा पुढचा भाग टेकणीवर आणि दस्ता पिशवीवर असेल तर पुढचा हात मोकळाच असतो. डाव्या खांद्याच्या माणसाने उजवा बोल्ट उजव्या हाताने चालवावा, डावा हात ट्रिगरवरून हलवूच नये; हे सामान्य मांडणीपेक्षा सोयीचंही ठरतं. असं टेकवूनच मारायचं असेल तर डावखुऱ्याने उजव्या रायफलवर खुशाल समाधान मानावं, फक्त पुंगळीची बाजू लक्षात ठेवावी.

आता पैशाचं आणि परवान्याचं. स्वसंरक्षणाच्या परवान्यावर नवी रायफल घ्यायला गेलं तर आपल्या बाजारात परंपरेने मिळते ती इशापूरची ३१५. ती जुन्या ली-एनफिल्डच्या घराण्यातली, बोल्ट उजवा, आणि स्प्रिंग बोल्ट पुढे ढकलताना दाबली जाते. म्हणजे हात अंगावरून पलीकडे नेऊन वर जोरही लावायचा. डाव्या खांद्याच्या माणसाने ही रायफल घेण्याआधी दुकानात रिकामी रायफल खांद्याला लावून दहा वेळा बोल्ट चालवून पाहावा, मग ठरवावं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच हत्यारं ठेवता येतात, तेव्हा चुकीच्या रायफलने अर्धा परवाना अडून बसतो. खेळाडूंसाठी सवलती वेगळ्या आहेत आणि स्पर्धेतल्या दर्जावर अवलंबून आहेत; परदेशी बनावटीची डावी पॉइंट टू-टू त्या दर्जाशिवाय आणि राष्ट्रीय रायफल संघटनेच्या शिफारशीशिवाय येत नाही. जिल्हाधिकारी कचेरीत अर्ज टाकण्याआधी क्लबाकडून आपण कोणत्या वर्गात बसतो ते लेखी घ्यावं. तोंडी आश्वासनांवर कचेरीत फाइल सरकत नाही.

म्हणूनच नवशिक्याने बोल्टच्या रायफलपासून सुरुवात करूच नये. ४.५ मिलिमीटरची, ठरवून दिलेल्या शक्तीच्या आतली एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते, तिच्यावर १० मीटरचा सराव शाळेच्या मोठ्या खोलीतही होतो, आणि डावखुऱ्याच्या दृष्टीने तिची आणखी एक सोय आहे: नळी मोडून भरायच्या साध्या ओपन साइट एअर रायफलला बाजूच नसते. फक्त दस्ता दोन्हीकडून सारखा आहे ना एवढं पाहावं. काही दस्त्यांना एकाच बाजूला गालाचा उंचवटा असतो, तो डाव्या खांद्यावर उलटा पडतो. पुढे भोकातून नेम धरायच्या पीप साइटकडे, हवेच्या सिलिंडरच्या रायफलकडे वळताना डावी पकड आणि डावा चीकपीस असलेलं मॉडेल मागावं. जर्मन कंपन्या अशी मॉडेलं नियमाने बनवतात. या रायफलवर वर्ष-दोन वर्षं गेली, जिल्हा आणि राज्य स्पर्धा झाल्या, देशपातळीवरच्या मावळणकर स्पर्धेपर्यंत मजल गेली, की खांद्याबद्दलचा निर्णय बरोबर होता की नाही ते गुणच सांगतात. पन्नास मीटरच्या रेंजसाठी तसंही बहुधा पुण्यातल्या बालेवाडीसारख्या ठिकाणी जावं लागेल. तोवर मोठा खर्च थांबवता येतो. एकवीस वर्षांखालच्याच्या नावावर सर्वसाधारण परवाना निघत नाही, पण क्लबाच्या देखरेखीखाली सराव करता येतो, म्हणजे घाईचं कारणच नाही.

रायफलपेक्षा अंगावरच्या सामानात डावखुरे जास्त फसतात. नेमबाजीचं जॅकेट दोन बाजूंना सारखं नसतं: एका खांद्यावर दस्त्यासाठी गादी, दुसऱ्या दंडावर स्लिंग अडकवायची सोय, कोपरांवरचे थर वेगवेगळे. उजव्या जॅकेटमध्ये डाव्या खांद्याचा माणूस घातला तर स्लिंग दंडावरून घसरत राहते आणि दोष बिचाऱ्या स्लिंगला मिळतो. हातमोजा डावखुऱ्याला उजव्या हातात हवा. गुडघ्यावर बसून मारायच्या नीलिंगमध्ये त्याचा डावा गुडघा जमिनीवर आणि उजवं कोपर उजव्या गुडघ्यावर येतं, तेव्हा पँटचे थरही पाहून घ्यावेत. जॅकेट वाढत्या अंगाच्या पोरासाठी मापाने शिवून घ्यायचं असेल तर मागणीपत्रावर ‘डावा’ एवढंच लिहू नये; कुणी डावा हात समजतं, कुणी डावा खांदा. ‘दस्ता डाव्या खांद्यावर, स्लिंग उजव्या दंडावर’ असं पुरं लिहावं.

परदेशात स्थायिक झालेल्या मराठी घरांसाठी गणित निराळं आहे, कारण तिथे मोठी शिकार कायदेशीर असू शकते आणि डावा बोल्ट दुकानात समोर मिळतो. अमेरिकेत सॅव्हेजने ११० या रायफलची डावी आवृत्ती १९५० च्या दशकाच्या अखेरीस काढली. पुढे रेमिंग्टन, रुगर, फिनलंडची टिक्का यांच्याही डाव्या रायफली आल्या. हरणासाठी ३०८ किंवा ३०-०६ ची डावी रायफल सहज मिळते. जितकं काडतूस दुर्मिळ आणि जड, तितक्या डाव्या आवृत्त्या कमी होत जातात. म्हणून डावखुऱ्याने आधी काडतूस ठरवून मग रायफल शोधण्याऐवजी डाव्या बोल्टमध्ये जी काडतुसं सर्रास मिळतात त्यांतून निवडावं. आफ्रिकेत रानरेडा, हत्ती यांसाठी बऱ्याच देशांत ३७५ च्या खालचं काडतूस चालत नाही, आणि तिथे पहिल्या गोळीनंतरची दुसरी गोळी किती लवकर सुटते यावर जीव अवलंबून असतो. बोल्टच्या बाजूला इतकं वजन दुसऱ्या कुठल्याच ठिकाणी येत नाही. तिथे डाव्या खांद्याच्या माणसाने उजव्या बोल्टवर भागवणं म्हणजे आपणहून संकट ओढवून घेणं. ती रायफल सुट्टीला सांगलीला येताना सोबत आणता येईल, या भ्रमात मात्र राहू नये.

जुनी डावी रायफल किंवा जॅकेट विकत मिळत असेल तर ती संधी बहुधा सर्वांत स्वस्त पडते, कारण डाव्या सामानाला गिऱ्हाईक कमी आणि विकणारा अडलेला असतो. घासाघीस करायला लाजू नये. रायफल पाहताना मात्र ती खरोखर डावी आहे की उजव्या रायफलला नुसता डावा दस्ता बसवला आहे, हे आधी तपासावं. बोल्टची मूठ कोणत्या अंगाला आहे ते पाहिलं की कळतं. मग दस्त्याची मागची पट्टी कोपराच्या आतल्या घडीत टेकवून तर्जनी ट्रिगरवर नीट पोचते का ते पाहावं, गाल टेकवून डोळे मिटावेत आणि उघडावेत. डोळा उघडताच साइटचं भोक समोर गोल दिसलं तर मापं जुळतात. चंद्रकोर दिसली तर चीकपीस किती सरकतो ते विचारावं, आणि सरकत नसेल तर भाव आणखी पाडावा.